नाव कमी करण्याचा अर्ज

नमुना क्रमांक सात.
नंदानगरच्या शाळेत, रविवारी,
लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला मुलगा म्हणतो,
मॅडम, मृत्यूचा दाखला लावा, बस, हो जाएगा.

आईला जाऊन चौदा महिने झाले.
यादीत ती अजून आहे.
नीलिमा श्रीधर मोघे. स्त्री. वय ब्याऐंशी.
गेली तेव्हा एक्क्याऐंशीची होती.
सरकारनं तिचा एक वाढदिवस परस्पर करून टाकला.

याच गल्ल्यांतून ती यादी करत फिरायची,
कन्याशाळेत गणित शिकवून झाल्यावर,
पुठ्ठा, क्लिप, दोन पेनं,
आणि मागे मी, सात वर्षांची, पाण्याची बाटली सांभाळत.
दारातली बाई म्हणायची, लिख लो ना, बबलू की अम्मा.
आई म्हणायची, वोट बबलू थोडीच देगा.
बाई आत बघायची. आई उभीच.
कधी कधी एवढा वेळ जायचा की
बाईला स्वतःचं नाव आठवावं लागतंय असं वाटे.

नवऱ्याचं तर कुणी घेतच नसे.
एकीनं नुसतं आभाळाकडे बोट केलं, रातवाला, म्हणाली.
चंद्रभान? चंद्रपाल? चंदरसिंग?
तिसऱ्याला पदर हलला.
आईनं लिहून घेतलं.

पाच नंबरच्या गल्लीत मात्र रखमा शेलार,
कणकेचे हात तसेच, दारात येऊन थाटात:
कापडाला कांजी, सुताला पीळ,
मुरलीधररावांचं नाव घेते, बंद न पडो मिल.
आई हसली. दात दिसले.
घरी ती ओठ मिटून हसायची.
(मिल पुढे बंद पडली. मुरलीधररावांनी
राजवाड्यापाशी मोज्यांची गाडी लावली,
रखमाबाईंचं काय झालं मला माहीत नाही.)

घरी निवडणुकीत बाबांचा आवाज वाढायचा.
राजाभाऊकाका लाल झेंड्याचे, बाबा त्यांच्या विरुद्ध,
चहा तिसऱ्यांदा, आणि बाबा बोटं मोडत:
आमच्या घरातली पाच मतं पक्की.
पाचातलं एक पलीकडे कोथिंबीर निवडत असायचं.
मी खूपदा विचारलं, आई, कुणाला दिलंस?
ती म्हणायची, पेटीला.
बाबा गेल्यावर विचारलं. दवाखान्यात विचारलं,
तेव्हा तर सलाइन चालू होतं, सांगायला हरकत नव्हती.
पेटीला, म्हणाली.

आता या फॉर्मवर मी कुणाचं नाव कमी करतेय?
देवासची मथुरा नागनाथ वाकडे,
मॅट्रिकला गणितात शंभरापैकी एक्क्याण्णव,
तिचं नाव तर सहासष्टमध्येच कमी झालं,
तांदळाच्या ताटात, अंगठीच्या टोकानं,
अर्ज नाही, दाखला नाही,
लोक पेढे खात होते.
त्या तांदळाचं मग काय केलं, मी एकदा विचारलं होतं.
शिजवले की, म्हणाली. चांगले होते, आंबेमोहोर.

राग होता का त्यात, मला कळलं नाही. अजून कळत नाही.
मी माझं नाव नाही बदललं,
त्याचं मला कोण कौतुक होतं. तिला सांगितलं तेव्हा
तिनं फक्त विचारलं, सही मोठी होईल का गं, बँकेत?

अर्जदाराचं मृताशी नातं: मुलगी.
कारण: पर्यायांवर खूण करा.
पेन चालत नाही, मुलगा दुसरं देतो.
मी विचारते, घरोघर जाता का रे तुम्ही?
जाते हैं मॅडम, पण कुणी दारच उघडत नाही.

उघडतात, मी म्हणते. थोडं उभं राहावं लागतं.

तो हो म्हणतो, फोनकडे बघत.
मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवते.
पुढच्या रविवारी आणते म्हटलंय.